वाजवून पाहिलेले कृष्णविवर

मडके घेताना ते वाजवून घ्यावे, हे आपल्याकडे कुणालाच वेगळे सांगावे लागत नाही. बोटाने टिचकी मारली आणि खणखणीत नाद आला, तर मडके पक्के. बद्द आवाज आला, तर कुठेतरी तडा आहे. आत डोकावूनही न दिसणारा तडा कानाला बरोबर कळतो.

हीच परीक्षा कृष्णविवराची घ्यायची ठरवली तर? कृष्णविवर म्हणजे जिथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही अशी जागा. तिथे डोकावून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. मग त्याला टिचकी मारली तर ते मोडेल की वाजेल? आणि वाजलेच, तर कोणत्या सुरात?

हा प्रश्न गांभीर्याने घेऊन १९७० मध्ये त्याचे गणिती उत्तर काढणारे शास्त्रज्ञ मूळचे बंगळुरूचे होते. त्यांचे नाव सी. व्ही. विश्वेश्वरा. (धरणे बांधणारे अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या वेगळे, नावातल्या साधर्म्यामुळे अनेकांची गल्लत होते.) त्यांनी काढलेले उत्तर निसर्गात खरोखर ऐकू यायला ४५ वर्षे लागली. आज कृष्णविवरांच्या अभ्यासात त्या उत्तराचा वापर तपासणीचे एक महत्त्वाचे हत्यार म्हणून होतो आहे. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतात कुठे तडा आहे का, हेही त्याच हत्याराने पाहिले जाते.

कागदावरची वस्तू

गोष्ट सुरू होते १९१५ च्या अखेरीस. आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांत मांडला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात आणि त्या वक्रतेलाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, हे त्याचे सार. त्यातली समीकरणे सोडवणे महाकठीण होते. तरी पहिले अचूक उत्तर काही आठवड्यांतच आले. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात असलेले खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी रशियन आघाडीवरून ते आइन्स्टाइन यांना पाठवले. १९१६ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी श्वार्झशिल्ड आजारपणात वारले.

त्यांच्या उत्तरात एक विचित्र अंतर दडलेले होते. एखादे वस्तुमान ठरावीक त्रिज्येच्या आत दाबून बसवले, तर तिथून काहीच बाहेर येऊ शकत नाही. सूर्यासाठी ही त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर भरते. पृथ्वीसाठी जेमतेम ९ मिलिमीटर. म्हणजे अख्खी पृथ्वी खेळायच्या गोटीएवढी करावी लागेल. या सीमेला आज आपण घटना क्षितिज म्हणतो.

अशी वस्तू खरोखर असेल, यावर कित्येक दशके फारसा कुणाचा विश्वास नव्हता. खुद्द आइन्स्टाइन यांनी १९३९ मध्ये शोधनिबंध लिहून निसर्गात अशा वस्तू तयार होणार नाहीत, असे मत मांडले होते. त्याच वर्षी ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी मोठा तारा स्वतःच्या भाराने कोसळत जाऊ शकतो, हे गणिताने दाखवले. वाद मिटला नाही. 'ब्लॅक होल' हे नाव तर रूढ झाले ते जॉन व्हीलर यांनी १९६७ पासून ते वापरायला सुरुवात केल्यावर.

टिकेल की कोसळेल?

शंकेला सबळ कारणही होते. श्वार्झशिल्ड यांचे उत्तर अगदी निर्दोष गोल वस्तूसाठी होते. निसर्गात निर्दोष गोल काही नसते. तारे फिरतात, फुगतात, थरथरतात. कृष्णविवर बनताना त्यात थोडी ओबडधोबडता राहणारच. नंतरही त्यावर वायू पडेल, शेजारून तारे जातील. असा छोटासा धक्का बसल्यावर त्याचे काय होईल?

वाटीच्या तळाशी गोटी ठेवा आणि तिला ढकला. ती थोडी हेलकावेल आणि पुन्हा तळाशी येऊन थांबेल. शिसपेन्सिल मात्र टोकावर उभी करायला गेलात, तर वाऱ्याची झुळूकही पुरते. कागदावर दोन्ही स्थिती शक्य आहेत, पण जगात टिकते ती पहिली. कृष्णविवर वाटीतल्या गोटीसारखे आहे की टोकावरच्या पेन्सिलीसारखे, यावर त्याचे अस्तित्व अवलंबून होते. ते पेन्सिलीसारखे निघाले असते, तर हा सगळा विषय गणिताच्या वहीतच राहिला असता.

टुलिओ रेजी आणि व्हीलर यांनी १९५७ मध्ये हा प्रश्न हाती घेतला होता. पण घटना क्षितिजापाशी त्यांचे गणित अडखळत होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ध्रुवापाशी सगळे ताणले जाते. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. तो दोष जमिनीचा नसतो, नकाशा काढण्याच्या पद्धतीचा असतो. घटना क्षितिजाबाबत तसेच होत होते. तिथली मोजमापे अनंत होत, आणि खरे काय, नकाशाचा दोष कोणता, हे कळत नव्हते. मार्टिन क्रुस्कल यांनी १९६० मध्ये नवा 'नकाशा' दिला, ज्यात क्षितिजापाशी काहीही फाटत नव्हते.

विश्वेश्वरा पुढे अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात चार्ल्स मिस्नर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करत होते. १९३८ मध्ये बंगळुरूत जन्मलेल्या या तरुणाने क्रुस्कल यांच्या नकाशाचा आधार घेऊन गणित पुढे नेले. काळाबरोबर वाढत जाणारा धक्का शोधायचा, आणि तो क्षितिजापाशी आणि दूर अंतरावर अशा दोन्ही टोकांना सुसंगत राहतो का ते पाहायचे, ही त्यांची रीत. तसा एकही धक्का सापडला नाही. दूरवर मर्यादेत राहणारे उत्तर क्षितिजापाशी बेलगाम होत होते. म्हणजे वाढत जाणारा धक्का मुळात शक्यच नव्हता. कृष्णविवर वाटीतल्या गोटीसारखे होते.

१९७० मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक मर्यादा होती. हे उत्तर छोट्या धक्क्यांपुरते आणि न फिरणाऱ्या कृष्णविवरापुरते होते. मोठ्या धक्क्यांसाठी आणि फिरणाऱ्या कृष्णविवरांसाठी पूर्ण गणिती सिद्धता देण्याचे काम त्यानंतरही गणितज्ञांना अनेक दशके पुरले. त्यातल्या काही सिद्धता शेकडो पानांच्या आहेत. पण कृष्णविवर ही टिकाऊ वस्तू असू शकते, असे मानायला आता भक्कम आधार मिळाला होता.

लहरींचा मारा

वस्तू टिकते, हे ठरले. पण अंधारात एकटी पडलेली, स्वतःहून काहीही बाहेर न सोडणारी ही वस्तू आहे हे कळावे कसे? विश्वेश्वरा यांनी त्यावर सरळ उपाय योजला. तिच्यावर काहीतरी फेकायचे आणि परत काय येते ते पाहायचे. फेकण्यासाठी त्यांनी गुरुत्वीय लहरी निवडल्या, म्हणजे अवकाशकालाच्या पटलावर उठणाऱ्या आणि प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लाटा. अर्थात हे सगळे समीकरणांत आणि संगणकावर.

लहरींचा लांबच लांब पुंजका सोडला, तेव्हा विशेष काही घडले नाही. मोठी लाट लहानशा खड्यावरून निघून जावी, तसा तो पुढे गेला. पुंजका आखूड करत नेला, तसे परत येणाऱ्या लहरीत चढउतार दिसू लागले. त्याची रुंदी कृष्णविवराच्या आकाराइतकी किंवा त्याहून कमी झाली, तेव्हा एक ठरलेला नमुना उमटला: एकाच वारंवारतेने कंप पावणारी आणि झपाट्याने विरत जाणारी लहर. पुंजका आणखी आखूड केला, तरी तो नमुना बदलला नाही. घंटेला टोला लाकडाने द्या की लोखंडाने, तिचा सूर तिचाच असतो. तसाच हा सूर टोल्याचा नव्हता. तो कृष्णविवराचा स्वतःचा होता.

हे का घडते? कृष्णविवराच्या जवळ, क्षितिजाच्या दीडपट अंतरावर एक अशी कक्षा आहे जिथे प्रकाशही वर्तुळात फिरू शकतो. ती कक्षा डळमळीत असते. तिथे अडकलेल्या लहरी थोडा वेळ घिरट्या घालतात. त्यातल्या काही आत पडतात, काही बाहेर निसटतात. निसटणाऱ्या लहरी म्हणजेच तो सूर. दोन्हीकडून ऊर्जा गळत असल्याने तो फार लवकर विरतो.

विरण्याचा वेग थक्क करणारा आहे. सूर्याच्या १० पट वस्तुमानाचे न फिरणारे कृष्णविवर सुमारे १,२०० हर्ट्झने 'वाजते' आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास त्याचा जोर ओसरतो. म्हणजे पुरते एक आवर्तन होते न होते तोच नाद संपत आलेला असतो. वस्तुमान वाढले की सूर खाली उतरतो. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सूर्याच्या ४० लाख पटींहून अधिक वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. तेवढ्या वजनाच्या कृष्णविवराचे एकच कंपन पुरे व्हायला काही मिनिटे लागतील. कृष्णविवर स्वतःभोवती वेगाने फिरत असेल, तर सूर चढतो आणि नादही जास्त वेळ टिकतो.

दोन आकडे, एक परीक्षा

या सुराचे खरे महत्त्व इथे आहे. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार, विद्युतभार नसलेले कोणतेही स्थिर झालेले कृष्णविवर केवळ दोन आकड्यांनी पूर्णपणे ओळखता येते: वस्तुमान आणि स्वतःभोवती फिरण्याचा वेग. ते कोणत्या ताऱ्यापासून बनले, त्यात लोखंड होते की हायड्रोजन, याची कोणतीही खूण बाहेर उरत नाही.

सुरातूनही दोन गोष्टी मोजता येतात: वारंवारता आणि विरण्याचा वेग. दोन माहीत गोष्टींवरून दोन अज्ञात आकडे काढता येतात. म्हणजे एका सुरावरून वस्तुमान आणि फिरण्याचा वेग कळला. आता त्याच नादात दुसरा, फिकट सूरही ऐकू आला तर? पहिल्या सुरावरून काढलेले आकडे दुसऱ्या सुराशी जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत, तर एकतर ती वस्तू कृष्णविवर नाही किंवा आइन्स्टाइन यांचा सिद्धांत तिथे अपुरा पडतो. मडके वाजवून तडा ओळखण्याची परीक्षा हीच.

परीक्षा तयार होती, पण ती घ्यायला साधन नव्हते. मेरीलँड विद्यापीठातच जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांवर गुरुत्वीय लहरी टिपल्याचा दावा १९६९ मध्ये केला होता. इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले, पण कुणालाच दुजोरा देता आला नाही.

विश्वेश्वरा सत्तरच्या दशकात भारतात परतले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत आणि नंतर भारतीय खगोलभौतिकी संस्थेत त्यांनी काम केले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे ते संस्थापक संचालक. तारांगणातले कार्यक्रम ते स्वतः लिहीत आणि विज्ञानावर व्यंगचित्रेही काढत.

साधन घडवण्याच्या कामात या काळात भारतीयांचाही मोठा वाटा राहिला. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना कशी लहर निर्माण करतील, याचे बारीक गणित करणाऱ्यांत रामन संस्थेतले बाला अय्यर होते. गोंगाटात बुडालेली अशी लहर शोधून काढण्याच्या पद्धती पुण्याच्या 'आयुका' संस्थेत संजीव धुरंधर यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विकसित केल्या.

०.२ सेकंदांची घटना

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' या दोन वेधशाळांत ०.२ सेकंदांचा एक संकेत आला. प्रत्येक वेधशाळेला काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. लेझर किरणांनी त्यांच्या लांबीतला फरक मोजतात. त्या दिवशी पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या जवळपास चारशेव्या भागाइतका होता.

सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. तयार झालेले कृष्णविवर सूर्याच्या ६२ पट भरले. ३६ आणि २९ मिळून ६५ होतात. उरलेली ३ सूर्यांएवढी भर गुरुत्वीय लहरींच्या ऊर्जेत गेली. संकेताच्या शेवटी, नवे कृष्णविवर शांत होताना, सुमारे २५० हर्ट्झचा नाद होता आणि तो ४ मिलिसेकंदांत ओसरला. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली 'पांढरी एक' २६१ हर्ट्झच्या आसपास असते. हा सूर तिच्या किंचित खालचा. अर्थात हा हवेतून येणारा ध्वनी नव्हे. अवकाशकालाचे ते कंपन होते, फक्त त्याची वारंवारता आपल्या कानाच्या टप्प्यात येते.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला. १९७० मध्ये कागदावर उमटलेला विरत जाणारा नमुना निसर्गातल्या संकेतात दिसला, तेव्हा विश्वेश्वरा ७७ वर्षांचे होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लायगोच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेल्या रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना मिळाले.

दुसरा सूर

२०१५ च्या संकेताने अर्धीच परीक्षा घेता आली. शेवटचा नाद क्षीण होता. त्यात दुसरा सूरही ऐकू येतो, असे काही संशोधकांनी २०१९ मध्ये मांडले. इतरांनी त्याच नोंदी तपासून तो गोंगाटही असू शकतो, असे म्हटले. वाद मिटवायला जास्त स्पष्ट संकेत हवा होता.

तो १४ जानेवारी २०२५ रोजी आला. ही घटना २०१५ च्या घटनेची जुळी बहीण म्हणावी इतकी सारखी होती: सूर्याच्या तीसहून थोड्या अधिक पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे, जवळपास तेवढ्याच अंतरावर. फरक यंत्रांत पडला होता. दहा वर्षांच्या सुधारणांमुळे गोंगाट इतका कमी झाला होता की हा संकेत २०१५ च्या तिप्पटीहून जास्त स्पष्ट मिळाला. या वेळी विरत्या नादात दोन सूर वेगळे करता आले आणि ते एकमेकांशी जुळले. फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी आइन्स्टाइन यांचा सिद्धांत जे सांगतो, तेच मोजमापात आले.

याच नादातून आणखी एक जुना प्रश्न तपासता आला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले होते की, कृष्णविवरांच्या क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ कधीच कमी होत नाही. (हॉकिंग यांनीच पुढे मांडलेल्या अतिसूक्ष्म पुंजीय परिणामांचा हिशेब यात धरलेला नाही.) या घटनेत मिलनापूर्वी दोन्ही क्षितिजांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते. मिलनानंतर ते सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर झाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधी एकूण आकार आपल्या राज्यापेक्षा लहान होता आणि नंतर मोठा झाला. वस्तुमान तीन-चार सूर्यांएवढे घटूनही क्षेत्रफळ वाढले. नंतरचा आकडा काढता आला तो विरत्या सुरावरून.

हिंगोलीतून पुढे

आता कसोटी आणखी कडक होणार आहे. कृष्णविवरासारखी भासणारी, पण क्षितिज नसलेली एखादी वस्तू असू शकते का, अशी शंका काही सिद्धांतांतून येते. तसे असेल, तर मुख्य सूर विरल्यानंतर क्षीण प्रतिध्वनी उमटायला हवेत. आतापर्यंत तसा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. शोध सुरू आहे. लाखो सूर्यांएवढ्या कृष्णविवरांचे खर्जातले सूर पकडण्यासाठी 'लिसा' ही अंतराळातली वेधशाळा २०३५ च्या सुमारास पाठवण्याची युरोपीय अंतराळ संस्थेची योजना आहे.

जमिनीवरची पुढची वेधशाळा मात्र मराठवाड्यात होते आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. भुजा तशाच, ४ किलोमीटरच्या. अमेरिकेपासून इतक्या दूर एक जास्तीचा 'कान' मिळाला की संकेत आकाशात नेमका कुठून आला, हे आजच्यापेक्षा खूप अचूक सांगता येईल आणि गोंगाटातून सूर वेगळा काढणेही सोपे होईल.

इतका खर्च करून, लांबच्या एखाद्या कृष्णविवराचा सूर ऐकून सामान्य माणसाला काय मिळणार, हा प्रश्न कुणीही विचारावा आणि तो रास्तच आहे. गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत इथे तपासला जातो, त्याच्याच दुरुस्त्या केल्याशिवाय आपल्या मोबाइलमधले जीपीएस दिवसभरात काही किलोमीटर चुकेल. त्या सिद्धांताची मर्यादा कुठे आहे, हे पृथ्वीवरच्या प्रयोगात कळण्याइतके गुरुत्व इथे नाही. ते कृष्णविवरापाशीच आहे. १९७० मध्ये विश्वेश्वरा यांनी लहरींचा पुंजका फेकून पाहिला, तेव्हा त्या उत्तराचा तत्काळ उपयोग कुणालाच दिसत नव्हता. हिंगोलीची वेधशाळा सुरू होईल, तेव्हा तिच्या नोंदी तपासणारी मुले-मुली आज शाळेत असतील. संकेताच्या शेवटच्या काही मिलिसेकंदांत ती जे शोधतील, त्याचे गणित मात्र पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.